तळ्यात मासे दिसतात, पण बेडूक कुठे गेले? रे लेक्स लूपवर शिकलेला एक धडा

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी रूममेट सहा दिवसांचा एक ट्रेक करून आलो. कॅलिफोर्नियातल्या किंग्ज कॅनियन नॅशनल पार्कमधला 'रे लेक्स लूप'. तळ्यांच्या काठाकाठाने जाणारी, जिथून सुरू होते तिथेच परत येणारी वाट. फोटो खूप काढले, पण हा लेख फोटोंसाठी नाही.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या नेट-पेटच्या तयारीत आहेत, काही जण रिसर्च प्रपोजल लिहिताहेत. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा असतो: "ताई, दोन गोष्टींचा संबंध दिसतोय, मग एकीमुळे दुसरी होते असं लिहू का?" याचं उत्तर पुस्तकात एका ओळीत मिळतं: सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. ही ओळ मलाही एमएस्सीपासून पाठ होती. तरी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी नेमकी तीच चूक केली आणि फील्डवर्कचा एक अख्खा सीझन घालवला. ते पुढे सांगते. या वाटेवरच्या तळ्यांमध्ये हाच प्रश्न सोडवायला संशोधकांना किती वर्षं लागली आणि त्यांनी तो कसा सोडवला, हे समजून घेतलं तर ती ओळ पाठ करायची गरज उरत नाही.

आधी वाट समजून घेऊ

लूपची लांबी सुमारे ६६ किलोमीटर. सुरुवात 'रोड्स एंड' नावाच्या जागी होते, आणि नावाप्रमाणे तिथे रस्ता खरंच संपतो. ही जागा साधारण दीड हजार मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राचं डोकं जिथे संपतं, जवळपास तिथून ही वाट चढायला लागते. सर्वांत उंच जागा म्हणजे ग्लेन पास ही खिंड, सुमारे ३,६५० मीटर.

आम्ही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेलो. पहिल्या दिवशी मिस्ट फॉल्स हा धबधबा आणि त्याच्या वर पॅराडाइज व्हॅली. दुसऱ्या दिवशी वूड्स क्रीक, त्यावरचा हलणारा झुलता पूल. तिसऱ्या दिवशी चढ चढत डॉलर लेक, ॲरोहेड लेक आणि मग रे लेक्स, एकाला एक लागून असलेली तळी, साधारण ३,२०० मीटरवर. चौथा दिवस शेजारच्या 'सिक्स्टी लेक बेसिन'साठी ठेवला होता. पाचव्या दिवशी ग्लेन पास ओलांडून खाली, आणि सहाव्या दिवशी बब्स क्रीकच्या कडेने परत रोड्स एंड.

ही सगळी जागा कायद्याने 'विल्डरनेस' आहे. म्हणजे इथे रस्ता नाही, वीज नाही, हॉटेल नाही. रोज ठरावीक लोकांनाच आत सोडतात, त्यामुळे परमिट काही महिने आधी काढावं लागतं. तंबू पाण्यापासून निदान तीस मीटर लांब लावायचा. दहा हजार फुटांच्या वर शेकोटी पेटवायची नाही, कारण तिथे झाडं कमी आणि वाढ फार सावकाश. शौचाला गेलात तर पाण्यापासून लांब, वीतभर खोल खड्डा करून पुरायचं, आणि वापरलेला टिश्यू पेपर पिशवीत घालून परत आणायचा. हो, सॅकमध्येच.

आणि अस्वलं. म्हणून बेअर कॅनिस्टर. हा अस्वलाला उघडता न येणारा जाड प्लास्टिकचा डबा. यात फक्त जेवण नाही, तर वास येणारं सगळं ठेवायचं: टूथपेस्ट, सनस्क्रीन, आमच्या बाबतीत मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणीसुद्धा. सहा दिवसांचं दोघींचं खाणं दोन डब्यांत बसवताना आम्ही खोलीच्या फरशीवर तीन वेळा सगळं भरलं आणि तीन वेळा उपसलं.

सह्याद्रीत ट्रेक करताना मी इतका विचार कधी केला नव्हता. काही राहिलं तर पायथ्याच्या गावात मिळतं, नाहीतर कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी मिळतेच. इथे तसं नाही. तिसऱ्या दिवशी रे लेक्सला पोचल्यावर लक्षात आलं की गॅसचं सिलिंडर कमी पडणार, तर मागे फिरणं आणि पुढे जाणं दोन्ही जवळपास सारखंच. फील्डवर्कचंही अगदी असंच असतं. काय मोजायचं हे निघण्याआधी ठरवावं लागतं. सीझन संपल्यावर "अरेच्चा, हे मोजायचं राहिलं" हे वाक्य कितीही वेळा म्हटलं तरी तो सीझन परत येत नाही.

तळ्याकाठची संध्याकाळ

तिसऱ्या दिवशी दुपारी रे लेक्सला तंबू लावला. समोर फिन डोम नावाचा सुळका, दक्षिणेला रंगीत पट्ट्यांचा 'पेंटेड लेडी' डोंगर, आणि पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड मोजता यावेत. ऊन उतरलं तशी पाण्यावर जागोजागी गोल लहरी उठायला लागल्या. ट्राउट मासे वर येऊन कीटक खात होते.

माझी रूममेट नागपूरची, कॉम्प्युटर सायन्सवाली. ती म्हणाली, "किती छान गं. माणसाचा हात न लागलेली जागा. बघ ना, मासेसुद्धा किती आहेत."

मी म्हटलं, "मासे आहेत म्हणजेच माणसाचा हात लागलाय."

"म्हणजे?"

"हे मासे इथले नाहीत. माणसांनी आणून सोडलेत."

ती जरा वेळ गप्प बसली आणि मग तिने तो प्रश्न विचारला, जो खरं तर प्रत्येक गाइडने विचारायला हवा: "पण मग त्याने बिघडलं काय? आणि बिघडलंच असेल, तर ते माशांमुळेच हे तुला कसं कळलं?"

पुढचा सगळा लेख म्हणजे त्या रात्री कपभर चहावर मी तिला दिलेलं उत्तर आहे, थोडं नीट मांडलेलं.

मासे आले कुठून?

सिएरा नेवाडा पर्वतातली ही उंचावरची तळी हिमनद्यांनी खरवडून तयार केली. बर्फ मागे हटलं, खळगे पाण्याने भरले. पण खालच्या नद्यांमधले मासे वर येऊ शकले नाहीत, कारण मधे मिस्ट फॉल्ससारखे धबधबे आणि उभे कडे. त्यामुळे हजारो वर्षं ही तळी जवळजवळ सगळीच माशांविना होती. त्या काळात इथला मोठा जलचर होता तो एक बेडूक. पोटाकडची आणि मागच्या पायांची आतली बाजू पिवळी असलेला, म्हणून त्याचं नाव 'पिवळ्या पायांचा डोंगरी बेडूक'. पूर्वी ही एकच जात समजत. २००७ मध्ये जनुकं, शरीररचना आणि नराचा आवाज तपासून तिच्या दोन जाती केल्या, राना मस्कोसा आणि राना सिएरी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोकांनी मासेमारीच्या हौसेसाठी खेचरांच्या पाठीवरून पत्र्याच्या डब्यांत मासे वर न्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं आली. मग तर काम सोपं झालं. तळ्यावरून उडत जायचं आणि माशांची पिल्लं वरून सोडून द्यायची. ज्या तळ्यांपर्यंत पायवाटही जात नव्हती, तिथेही ट्राउट पोचले.

दुसरीकडे बेडूक कमी होत गेले. आज तो पूर्वी जिथे जिथे होता, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त ठिकाणांहून नाहीसा झाला आहे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने सिएरामधल्या या बेडकांना धोक्यातल्या जातींच्या यादीत घातलं.

मासे वाढले, बेडूक घटले. मग मासेच दोषी, झालं ना सिद्ध? थांबा.

पहिली पायरी: कुणाच्या तरी लक्षात येणं

१९२४ मध्ये जोसेफ ग्रिनेल आणि ट्रेसी स्टोरर या दोन प्राणिशास्त्रज्ञांचं योसेमिटी भागातल्या प्राण्यांवरचं मोठं पुस्तक आलं. त्या वेळी हा बेडूक तिथे सर्वांत जास्त आढळणारा उभयचर होता. ट्राउट सोडलेल्या तळ्यांत बेडकांची पिल्लं दिसत नाहीत, असं लोक नेहमी सांगतात, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलं होतं.

म्हणजे निरीक्षण १९२४ चं. ते कारण म्हणून प्रयोगाने दाखवायला २००४ साल उजाडलं. मधे ऐंशी वर्षं गेली, आणि त्यातली बरीच वर्षं तळ्यांमध्ये मासे सोडणं चालूच होतं. "लोक सांगतात" आणि "दाखवून दिलं" यांच्यातलं अंतर किती महाग पडतं, ते इथे दिसतं.

१९८९ मध्ये डेव्हिड ब्रॅडफर्ड यांनी याच परिसरातल्या तळ्यांचा अभ्यास मांडला. बेडकांची पिल्लं आणि मासे एकाच तळ्यात जवळजवळ नसतातच, हे त्यांनी पद्धतशीर मोजून दाखवलं. आता गोष्ट ऐकीव राहिली नाही, तिचा डेटा झाला. पण तरीही तो सहसंबंधच.

त्या काळात संशयित एकटे मासे नव्हते. जगभरातच बेडूक कमी होत होते. आम्लवर्षा, खालच्या सेंट्रल व्हॅलीतल्या शेतांवरून वाऱ्याने येणारी कीटकनाशकं, अतिनील किरणं, रोग, सगळ्यांची नावं घेतली जात होती. ब्रॅडफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आम्लवर्षेची शक्यता स्वतंत्रपणे तपासली आणि १९९४ मध्ये लिहिलं की सिएरामध्ये ते कारण असण्याची शक्यता कमी आहे. "हे कारण नाही" असं सांगणाऱ्या पेपरला टाळ्या मिळत नाहीत, पण त्याच्याशिवाय पुढची पायरी पक्की होत नाही.

मधेच लुडबुडणारा तिसरा

आता माझी चूक.

माझं काम शेतांजवळच्या छोट्या तळ्यांमधल्या शेवाळावर आहे. दुसऱ्या वर्षी एक उन्हाळाभर मी नमुने गोळा केले. फळबागांजवळच्या तळ्यांत शेवाळ जास्त, लांबच्या तळ्यांत कमी. आलेख इतका सुंदर आला की मी तो फोनचा वॉलपेपर करायचीच बाकी होते. निष्कर्ष लिहिला: बागांमधलं खत.

कमिटीच्या मीटिंगमध्ये एका प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, "बागांजवळची तळी उथळ आहेत का?"

मी खोली मोजलीच नव्हती. परत जाऊन पाहिलं तर खरंच, बागांजवळची बहुतेक तळी उथळ होती. उथळ पाणी लवकर तापतं, तळापर्यंत ऊन पोचतं, शेवाळ तसंही जास्त येतं. मग माझ्या आलेखात दिसत होतं ते खत की खोली? त्या डेटातून ते वेगळं काढताच येत नव्हतं. गणित कितीही चांगलं वापरलं तरी नाही, कारण बागेजवळची खोल तळी आणि लांबची उथळ तळी माझ्या यादीत जवळपास नव्हतीच. एक सीझन गेला.

अशा घटकाला कन्फाउंडर म्हणतात. दोघांच्या मधे लुडबुडणारा तिसरा. आणि बेडकांच्या गोष्टीतही खोली हाच मोठा तिसरा आहे. या बेडकाचं पिल्लू, म्हणजे टॅडपोल, बेडूक व्हायला आपल्याकडच्यासारखे काही आठवडे घेत नाही. इतक्या उंचीवर, थंडीत, त्याला एक ते चार वर्षं लागतात. तेवढे हिवाळे त्याला पाण्यातच काढायचे असतात. म्हणजे तळापर्यंत न गोठणारं, खोल तळं हवं. आणि ट्राउटला काय हवं? तेच, खोल तळं. त्यामुळे तळ्यांचे नुसते 'मासे असलेली' आणि 'मासे नसलेली' असे गट पाडून चालत नाही. खोली वेगळी मोजायलाच लागते.

यातूनच एक यंत्रणाही कळते. मासे आले तर बेडकांनी शेजारच्या उथळ डबक्यात का जाऊ नये? कारण डबकं हिवाळ्यात तळापर्यंत गोठतं, नाहीतर उन्हाळ्यात आटतं. खोल तळं गेलं की पिढी वाढवायची जागाच गेली.

दुसरी पायरी: दोन शेजारी

रोलंड नॅप आणि कॅथलीन मॅथ्यूज यांनी २००० मध्ये छापलेला अभ्यास मला प्रपोजल लिहिणाऱ्या प्रत्येकाला वाचायला द्यावासा वाटतो. त्यांना एक तयार तुलना मिळाली होती. किंग्ज कॅनियन पार्क आणि त्याला लागून असलेलं जॉन म्युअर विल्डरनेस. दोन्ही संरक्षित, दोन्हीचा भूगोल सारखा, दोन्हीकडची तळी मुळात माशांविना. फरक एक: पार्कने १९७७ मध्ये मासे सोडणं थांबवलं, शेजारी ते चालू राहिलं. ज्या तळ्यांत ट्राउटला अंडी घालायला योग्य ओढे नव्हते, तिथे मासे सोडणं बंद झाल्यावर ते हळूहळू आपोआप संपले.

त्यांनी दोन्ही भागांतली मिळून १,७०० पेक्षा जास्त तळी आणि डबकी पाहिली. तुलना तीन पातळ्यांवर केली: पूर्ण प्रदेश विरुद्ध पूर्ण प्रदेश, पाणलोट विरुद्ध पाणलोट, आणि तळं विरुद्ध तळं. खोलीसारखे घटक हिशेबात धरले. तिन्ही पातळ्यांवर उत्तर एकच आलं: जिथे ट्राउट जास्त, तिथे बेडूक कमी.

याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. प्रयोग संशोधकाने केलेला नसतो, धोरणाने किंवा योगायोगाने झालेला असतो. आपल्याला तो ओळखता यावा लागतो. पण यातही एक फट राहतेच. दोन शेजाऱ्यांमध्ये आपल्याला न दिसलेला आणखी एखादा फरक असेल तर?

तिसरी पायरी: मासे काढून बघा

चौथ्या दिवशी आम्ही रे लेक्सवरून पश्चिमेला फुटणारी पाऊलवाट धरून सिक्स्टी लेक बेसिनमध्ये गेलो. मुख्य वाटेवरची वर्दळ इथे एकदम संपते. खडक, गवताचे पट्टे आणि जिकडे बघाल तिकडे लहानमोठी तळी.

व्हॅन्स व्रेडनबर्ग यांनी याच बेसिनमध्ये प्रयोग केला. १९९६ ते २००३ या काळात त्यांनी पाच तळ्यांमधून ट्राउट काढून टाकले. तुलनेसाठी सोळा तळी ठेवली: आठ मासे असलेली, आठ मासे नसलेली.

इथे जरा थांबून विचार करा. कंट्रोल दोन प्रकारचे का? फक्त मासे असलेली तळी तुलनेला ठेवली, तर मासे काढल्यावर बेडूक वाढले एवढं कळेल. पण किती वाढायला हवे होते, म्हणजे पूर्ण बरं झालेलं तळं कसं दिसतं, ते कळणार नाही. ते मासे नसलेली तळी सांगतात. आणि समजा त्या वर्षांत हवामानच बेडकांना चांगलं मिळालं आणि सगळीकडेच बेडूक वाढले, तर ते मासे असलेल्या तळ्यांतही दिसेल. एक कंट्रोल सुरुवात सांगतो, दुसरा मुक्काम.

शिवाय त्यांनी बेडूक असलेल्या तीन तळ्यांत पिंजऱ्यांमध्ये ट्राउट ठेवून पाहिलं की मासे नेमके कुणाला खातात. उत्तर: टॅडपोलना. म्हणजे 'काय झालं' याच्यासोबत 'कसं झालं' हेही हातात आलं.

मासे काढलेल्या तळ्यांत बेडूक भराभर परत वाढले. २००४ मध्ये हा पेपर आला. १९२४ ची ती ऐकीव गोष्ट इथे येऊन सिद्ध झाली.

परिणाम बेडकांपुरता थांबत नाही. ट्राउट मेफ्लाय या कीटकाच्या पाण्यातल्या अळ्या खातात. २०१० मध्ये छापलेल्या एका अभ्यासात इथल्या रोझी फिंच या डोंगरी पक्ष्यांची संख्या माशांविना असलेल्या तळ्यांवर मासे असलेल्या तळ्यांच्या सुमारे सहापट आढळली. पाण्यातला मासा आणि आकाशातला पक्षी! रूममेटला पटलं की "बिघडलं काय?" याचं उत्तर पाण्याच्या काठावर संपत नाही.

मग गोष्ट संपली? नाही

त्या दिवशी दोन तास फिरून आम्हाला एकही बेडूक दिसला नाही. हे वाक्य वाचून लगेच काही ठरवू नका. दोन माणसं, दोन तास, काही मोजकी तळी, आणि त्यातली एक नजर वाटेवर ठेवून चालणारी. हे 'नाही' म्हणजे डेटा नाही. संशोधक तळ्याच्या पूर्ण काठाने सावकाश चालत, ठरलेल्या पद्धतीने मोजतात, आणि पुन्हा पुन्हा येतात.

पण या बेसिनमध्ये पुढे काय झालं ते नोंदलेलं आहे. प्रयोगाचा पेपर आला त्याच सुमारास कायट्रिड नावाची बुरशी इथे पोचली आणि पुढच्या काही वर्षांत तळ्यांमागून तळी ओलांडत पसरली. ही बुरशी बेडकाच्या त्वचेवर वाढते. बेडूक त्वचेतून पाणी आणि क्षार घेतात. त्वचा बिघडली की रक्तातल्या क्षारांचं गणित बिघडतं आणि शेवटी हृदय थांबतं. टॅडपोल ती तोंडाच्या भागात बाळगून जगतात, मरतात ते बेडूक झाल्यावर. व्रेडनबर्ग, नॅप आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की एका बेडकावरचा बुरशीच्या बीजाणूंचा भार सुमारे दहा हजारांपर्यंत गेला की तिथली वस्ती कोसळते. जे बेडूक मासे काढल्यामुळे परत आले होते, त्यांच्यावरही हे संकट आलं.

हे ऐकून रूममेट म्हणाली, "म्हणजे तो मासे काढायचा प्रयोग फुकट गेला?"

नाही. आणि हा फरक कळणं फार गरजेचं आहे. प्रयोगाने जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तेव्हाही बरोबर होतं आणि आजही आहे. मासे टॅडपोल खातात, मासे काढले की बेडूक वाढतात. नंतर दुसरं कारण आलं, म्हणून पहिलं खोटं ठरत नाही. एका परिणामाला दोन कारणं असू शकतात, आणि ती वेगवेगळ्या वेळी येऊ शकतात.

उलट पहिलं उत्तर हाताशी होतं म्हणूनच पुढचा रस्ता सापडला. योसेमिटीमध्ये मासे सोडणं १९९१ मध्ये थांबलं. तिथे वीस वर्षांतल्या सात हजारांहून जास्त पाहण्यांचा हिशेब २०१६ मध्ये आला: बुरशी असूनही बेडकांची संख्या साधारण सातपट झाली होती. काही वस्त्या बुरशीसोबत जगायला शिकल्या होत्या. अशा टिकून राहिलेल्या वस्त्यांमधले बेडूक उचलून दुसऱ्या तळ्यांत सोडले, तर तिथेही वस्ती उभी राहू शकते, हे २०२४ मध्ये छापून आलं. पण सोडायला तळं कोणतं हवं? माशांविना असलेलं. ती अट ठरवली त्या जुन्या प्रयोगाने.

खिंडीवरून मागे बघताना

पाचव्या दिवशी पहाटे निघून ग्लेन पास चढलो. दुपारनंतर इथे विजांचा भरवसा नसतो, म्हणून खिंड दुपारच्या आत ओलांडायची असते. वर पोचल्यावर मागे रे लेक्स एका रांगेत दिसली. रूममेट बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "परवा मला ही जागा हात न लागलेली वाटली होती. आता प्रत्येक तळं बघताना वाटतं, यात मासे आहेत का?"

मला तिचं हे वाक्य फार आवडलं, कारण संशोधनाची सुरुवात यापेक्षा मोठी काही नसते. आपण ज्याला 'नैसर्गिक' म्हणतो, 'पहिल्यापासून असंच' म्हणतो, तिथे थांबून विचारायचं: पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?

प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा सॅक भरताना करतो तशी एक यादी करा. मी आता माझ्या प्रत्येक सीझनआधी हीच करते:

१. मी 'मूळ स्थिती' म्हणून जे धरतेय, ते खरंच मूळ आहे का? त्याआधी तिथे काय होतं?

२. दिसणाऱ्या संबंधाची दुसरी निदान तीन कारणं लिहिली का? त्यातली कोणती मी खोडू शकते?

३. मधे लुडबुडणारा तिसरा कोण असू शकतो, आणि तो मोजायचं साधन माझ्या सॅकमध्ये आहे का?

४. कुठे तयार तुलना मिळते का? दोन शेजारी, ज्यांच्यात एकच मोठा फरक आहे?

५. माझे कंट्रोल मला सुरुवात आणि मुक्काम दोन्ही सांगतात का?

६. माझं उत्तर उद्या दुसरं कारण आल्यावरही टिकेल इतका माझा प्रश्न नेमका आहे का?

माझ्या तळ्यांचं काय झालं, असं विचाराल. यंदा पुन्हा नमुने घेतले. या वेळी बागेजवळची खोल तळी आणि लांबची उथळ तळी मुद्दाम शोधून यादीत घातली. त्यासाठी जानेवारीपासून शेतकऱ्यांना फोन करत होते. आलेख गेल्या वेळेइतका देखणा नाही. खताचा परिणाम दिसतो, पण मी लिहिला होता त्यापेक्षा बराच कमी. तरी कमिटीसमोर जाताना या वेळी पोटात गोळा आला नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी रोड्स एंडला परत पोचलो. कॅनिस्टर उघडला तर तळाशी मेतकुटाची अर्धी पुडी शिल्लक होती. गॅस मात्र आदल्या रात्रीच संपला होता. पुढच्या वेळच्या यादीत सर्वांत वर काय लिहायचं, ते ठरलंय.